टाकळ्याचं बी आणि यकृताचा ऋतू

तळेऱ्यात मुंबई-गोवा महामार्गाला दोन रस्ते मिळतात. एक कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीमार्गे येतो, दुसरा पश्चिमेला विजयदुर्गाकडे जातो. मृगाचा पाऊस लागला की पंधरवड्याच्या आत या रस्त्यांच्या कडेला, कुंपणांशी, पडक्या जोत्यांवर टाकळा उगवतो. मालवणीत तो टायकळो. त्याला कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही. कोवळा पाला खुडून आणायचा, बारीक चिरायचा, कांदा-मिरचीवर परतायचा आणि वरून ओलं खोबरं पेरायचं. मे महिन्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या असतील तर त्याही ठेचून घालायच्या. आषाढात दोन-चार वेळा ही भाजी झाली की पोट साफ झालं, अंगातली उष्णता गेली, असं घरची मोठी माणसं म्हणतात.

या टाकळ्याचं बी चीनमध्ये औषधाच्या दुकानात मिळतं. तिथे त्याला च्वेमिंगझी म्हणतात. चिनी औषधकोशात टाकळा आणि त्याची अगदी जवळची एक जात, अशा दोघांचं बी या नावाखाली येतं. भाजलेलं बी गरम पाण्यात टाकून त्याचा चहा करतात, कधी त्यात शेवंतीची वाळलेली फुलं घालतात. उपयोग काय, तर यकृताची उष्णता उतरवणं आणि डोळे स्वच्छ करणं. आपल्या वैद्यकात हीच वनस्पती चक्रमर्द या नावाने येते, पण ती प्रामुख्याने गजकर्ण आणि खरजेवर. झाड एक, दोन मोठ्या परंपरांनी त्याला दिलेली कामं वेगळी. ऋतूप्रमाणे यकृताची ‘शुद्धी’ करावी, असं हल्ली सगळीकडे सांगितलं जातं आणि त्यासाठी चूर्णं, काढे, कॅप्सूल विकल्या जातात. त्या सगळ्याकडे या रस्त्याकडेच्या झुडपापासून बघायला सुरुवात केली, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आधी चिनी विचार नीट समजून घ्यायला हवा, कारण तो बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. ‘हुआंगदी नेइचिंग’ हा चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात पूर्व दिशा, वसंत ऋतू, वारा, लाकूड हे तत्त्व, हिरवा रंग, आंबट चव, डोळे, स्नायुबंध आणि राग ही सगळी एका ओळीत बसवलेली आहेत, आणि त्या ओळीतला अवयव आहे यकृत. वसंतात उशिरा झोपावं, लवकर उठावं, केस मोकळे सोडून अंगणात संथ फिरावं, मन कोंडून ठेवू नये, असा त्यातला उपदेश आहे. तिथलं ‘यकृत’ म्हणजे उजव्या बरगडीखालचा मांसाचा गोळा एवढंच नव्हे. शरीरातल्या चैतन्याचा प्रवाह मोकळा ठेवणारी ती एक शक्ती. ती तुंबली की माणूस चिडचिडा होतो, छाती भरून येते, डोळे जड होतात. त्यामुळे चिनी वैद्य जेव्हा ‘यकृत तुंबलंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात रक्ततपासणीतले आकडे नसतात. ताणाखाली असलेल्या, नीट न झोपलेल्या माणसाचं ते वर्णन असतं. ते वर्णन अनेकदा फार नेमकं असतं, म्हणूनच लोकांना पटतं. ‘विषारी द्रव्यं साठली आहेत, ती धुऊन काढा’ ही भाषा मात्र त्या ग्रंथातली नाही. ती अलीकडची, विक्रीसाठी तयार झालेली आहे.

यकृत आणि डोळे यांची जोडी आपल्याला विचित्र वाटेल. पण सातव्या शतकातले थोर वैद्य सुन सिमियाओ रातांधळेपणावर प्राण्यांचं यकृत खायला सांगत. आज आपल्याला माहीत आहे की रातांधळेपणा येतो तो अ जीवनसत्त्व कमी पडल्याने, आणि अ जीवनसत्त्वाचा शरीरातला सर्वांत मोठा साठा यकृतात असतो. निरीक्षण खरं होतं, स्पष्टीकरण त्या काळाचं होतं. जुन्या वैद्यकाकडे बघताना ही दोन्ही वेगवेगळी तोलावी लागतात.

आता वसंताचं बघू. चीनच्या पंचांगात वसंत लागतो फेब्रुवारीच्या सुरुवातीला. उत्तरेकडे बर्फ सरतो, जमिनीतून पहिली हिरवी पानं वर येतात, हिवाळाभर खारवलेल्या आणि वाळवलेल्या अन्नावर काढलेल्या माणसाला कोवळा पाला मिळतो. यकृताचा ऋतू हिरवा का, याचं उत्तर त्या मातीत आहे. तळेऱ्यात फेब्रुवारीत काय असतं? आंब्याला मोहोर, काजूला बोंडं आणि कोरडी पडत चाललेली रानं. कोवळा पाला इथे येतो तो जून-जुलैत. म्हणून इकडे फेब्रुवारीत हिरव्या रसांचा उपक्रम करणं म्हणजे दुसऱ्याच्या गावचं पंचांग आपल्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

आपलं पंचांग वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो आणि पित्ताचा संचय होतो. शरदात पाऊस ओसरून कडक ऊन पडलं की ते साठलेलं पित्त उसळतं. तेव्हा कडू, गोड, तुरट चवीचं हलकं अन्न घ्यावं, कडू औषधांनी सिद्ध केलेलं तूप घ्यावं, गरजेप्रमाणे विरेचन आणि रक्तमोक्षण करावं. रक्त आणि पित्त यांचं स्थान आयुर्वेदाने यकृत-प्लीहेशी जोडलेलं आहे. तेव्हा ‘यकृताचा ऋतू’ म्हणायचाच झाला, तर आपल्याकडे तो आश्विन-कार्तिकाचा.

मालवणी मुलखात तो चांगला ठाऊक आहे. नरक चतुर्दशीला, म्हणजे चावदिसाला, पहाटे आंघोळ करून तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. सातवीणीच्या सालीचा कडूजहर रस घोटभर पितात आणि मग पोह्यांच्या तऱ्हा खायला बसतात. सातवीण म्हणजे सप्तपर्णी. गोव्यातही ही रीत आहे. खाली कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, तुळुनाडात, हाच रस आषाढाच्या अमावास्येला, आटी अमावास्येला घेतात. एकच झाड, एकाच किनाऱ्यावर, आणि दिवस वेगळे. पण दोन्हीकडे वर्षातून एकदा. हे ‘एकदा’ मला फार महत्त्वाचं वाटतं, त्याकडे पुढे येतोच.

त्याआधी यकृत स्वतः काय करतं ते बघायला हवं. प्रौढ माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जातं, आणि त्यातलं पाऊण रक्त थेट आतड्यांकडून येतं. आपण जे जे खातो-पितो आणि रक्तात शोषलं जातं, त्यातल्या बहुतेक सगळ्याला हृदयाकडे जाण्याआधी इथे हजेरी लावावी लागते. नको असलेल्या द्रव्याचा निकाल यकृत साधारण दोन टप्प्यांत लावतं. पहिल्या टप्प्यात विकरं त्या रेणूवर एक पकड तयार करतात. दुसऱ्या टप्प्यात त्या पकडीला ग्लुटाथायोन, सल्फेट किंवा ग्लुकुरॉनिक आम्ल जोडलं जातं. रेणू पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि लघवीतून किंवा पित्तातून बाहेर पडतो. प्रथिनांच्या पचनातून आलेल्या अमोनियाचा युरिया इथेच होतो. मेलेल्या तांबड्या पेशींतलं पिवळं बिलिरुबिन इथूनच पित्तात सोडलं जातं. यात कचरा साठून राहतो अशी जागाच नाही. निरोगी यकृत रोज, रात्रंदिवस, स्वतःचं काम स्वतः करतं. त्याचा एखादा तुकडा कापला तर ते पुन्हा वाढतं. म्हणून तर जिवंत माणूस आपल्या यकृताचा भाग दुसऱ्याला देऊ शकतो. जे साठतं ती चरबी, आणि ती कुठल्याही काढ्याने धुतली जात नाही.

या दोन टप्प्यांतली मेख अशी, की पहिल्या टप्प्यानंतर काही रेणू मूळच्यापेक्षा जास्त घातक होतात. दुसरा टप्पा वेळेवर झाला तर ठीक, नाही तर तो अर्धवट रेणू पेशीलाच चिकटतो. बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन हे याचं सर्वांत भयंकर उदाहरण. पहिल्या टप्प्यात त्याचं रूप असं बदलतं की ते पेशीच्या डीएनएला जाऊन बसतं आणि यकृताच्या कर्करोगाची बीजं पडतात.

आहाराने यकृताची काळजी कशी घेतली जाते, याचं जगातलं एक मोठं उदाहरण याच विषाशी निगडित आहे, आणि ते चीनमधलंच आहे. यांगत्से नदीच्या मुखाशी चिदोंग नावाचा तालुका आहे. तिथे यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होतं. हवा दमट, लोकांचं मुख्य अन्न मका, आणि साठवलेल्या मक्यावर बुरशी. त्यात हिपॅटायटिस बीची लागण घरोघर. १९८०च्या दशकात आर्थिक धोरणं बदलली, बाजार मोकळे झाले आणि लोक मक्याऐवजी तांदूळ खाऊ लागले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथल्या रक्तनमुन्यांतून अफ्लाटॉक्सिनच्या खुणा जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्या पाठोपाठ यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यूही मोठ्या प्रमाणात घटले, आणि ही घट हिपॅटायटिस बीची लस टोचलेली पिढी त्या वयाला पोहोचण्याआधीच दिसू लागली. ना वनौषधी, ना शुद्धी. कोठारातलं धान्य बदललं.

आपल्या देशातला प्रसंग याहून दुःखद आहे. १९७४च्या शरदात राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला, कारण घरात दुसरं काही नव्हतं. ३९७ माणसं कावीळ आणि जलोदराने आजारी पडली, त्यांतली १०६ दगावली. आपल्या कोकणात मे महिन्यात भात, कुळीथ, मिरच्या, आमसुलं, खोबरं कडकडीत वाळवून डब्यांत, कणग्यांत भरायची जी बेगमीची धांदल असते, ती माझ्या मते इथली सर्वांत खरी यकृतचर्या आहे. तिला कोणी तसं नाव दिलेलं नाही. आज दुकानातून आणलेली मिरचीपूड आणि शेंगदाणे श्रावणात सादळलेल्या पिशवीत तसेच पडून असतात. कुबट वास आला तरी टाकवत नाहीत, भाजून वापरले जातात. अफ्लाटॉक्सिन भाजण्याने पुरतं नष्ट होत नाही. वास आलेला दाणा टाकून द्यावा.

चिदोंगमध्ये आणखी एक काम झालं, आणि ते मला टाकळ्यासारख्या हिरव्या पाल्याकडे परत आणतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि चिनी संशोधकांनी तिथे विचारलं की अन्नातलं विष पूर्ण टाळता येत नसेल, तर अन्नानेच त्याची वाट अडवता येईल का? एका प्रयोगात १८० जणांपैकी निम्म्यांना चार महिने रोज तीन वेळा जेवणाबरोबर क्लोरोफिलिन दिलं. क्लोरोफिलिन म्हणजे पानांतल्या हरितद्रव्यापासून तयार केलेलं द्रव्य. त्यांच्या लघवीतली अफ्लाटॉक्सिनने डीएनएला केलेल्या इजेची खूण ५५ टक्क्यांनी कमी भरली. हा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. हरितद्रव्य आतड्यातच त्या विषाला धरून ठेवतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पुढे २९१ जणांच्या प्रयोगात काहींना बारा आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय दिलं. तेव्हा हवेतून शरीरात गेलेल्या बेन्झीनचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला. ब्रोकोलीतलं तिखटसर द्रव्य यकृताचा आणि इतर पेशींचा दुसरा टप्पा वेगवान करतं.

ब्रोकोली तळेऱ्यात पिकत नाही. पण तिच्यातली ही द्रव्यं ज्या कुळांमध्ये असतात त्यांत मुळा, मोहरी येतात आणि शेवगाही येतो. शेवग्याचा पाला चुरडला की येणारा मुळ्यासारखा झणका त्याच जातीच्या रेणूंचा. गोकुळाष्टमीला मालवणी घरात शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार असतं. शेगलाची भाजी खाल्ल्याने चिदोंगच्या आकड्यांइतका फायदा होईल, असा अर्थ कोणी काढू नये. प्रयोग मोडांच्या ठरावीक मात्रेवर झाला होता. पण दिशा तीच आहे, आणि एक स्वयंपाकाची गोष्ट त्यातून शिकता येते. हे झणक्याचं द्रव्य पान चिरल्यावर, पेशी फुटल्यावर तयार होतं आणि ते तयार करणारं विकर उष्णतेने मरतं. पाला बारीक चिरून थोडा वेळ तसाच ठेवावा, मग फोडणीत टाकावा.

चिनी काढ्यांतही अशी खरी गोष्ट सापडते. झांग झोंगजिंग या वैद्याने इसवी सन २००च्या सुमारास काविळीसाठी दवण्याच्या एका भाईबंदाचा काढा लिहून ठेवला. तो आजही वापरात आहे आणि नवजात बाळांच्या काविळीतही आशियात दिला गेला आहे. २००४ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की त्यातलं एक द्रव्य यकृतातला एक ग्राहक जागा करतं आणि त्यामुळे बिलिरुबिन लवकर बाहेर पडतं. म्हणजे परंपरेकडे नुसतं हसून चालत नाही, ती तपासावी लागते. तपासल्यावर दर वेळी होकारच मिळतो असं मात्र नाही. भुईआवळ्याचं तसंच झालं. पावसात अंगणभर उगवणारा, पानांखाली बारीक फळं लटकलेला भुईआवळा काविळीवर साऱ्या भारतात देतात. १९८८ साली मद्रासच्या त्यागराजन यांनी नोबेल विजेते बरुच ब्लुमबर्ग यांच्यासह त्याचा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. हिपॅटायटिस बी वाहणाऱ्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळा दिल्यावर २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती साखर घेतलेल्या २३ जणांत तसं एकाच्या बाबतीत झालं. जगभर आशा पालवली. पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही, आणि सगळे प्रयोग एकत्र तपासल्यावरही खात्रीचा पुरावा उभा राहिला नाही. ब्लुमबर्ग म्हणजे हा विषाणू शोधणारा माणूस. त्याच्याइतक्या अधिकारी माणसाचंही एकाच प्रयोगावर भागत नाही.

मग काविळीवरची गावठी औषधं इतकी हमखास ‘लागू’ का पडतात? पावसाळ्यात विहिरीत, नळाला घाण पाणी शिरलं की येणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची. ती बहुतेक लोकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या आठवड्यांत ज्याने जे दिलं, त्याला श्रेय जातं. हाताला झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं झालेलं दाखवतात. ती साल आणि चुना यांची रासायनिक क्रिया आहे. निरोगी माणसाच्या हातानेही पाणी पिवळंच होतं.

आता पुन्हा टाकळा. त्याच्या बियांत अँथ्राक्विनोन नावाच्या वर्गातली द्रव्यं आहेत, त्यांनीच पोट सैल होतं. त्याच कुळात, त्याच पडीक जागेत, कासविंदा उगवतो. टाकळ्याच्या पानाला गोलसर टोकाच्या पानांच्या तीन जोड्या असतात. कासविंद्याच्या जोड्या जास्त, टोकं अणकुचीदार आणि चुरडल्यावर वास उग्र. टाकळ्याची शेंग बारीक, कोयत्यासारखी वाकडी. कासविंद्याची चपटी, जवळजवळ सरळ. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात वर्षानुवर्षं थंडीच्या सुरुवातीला गरीब घरांतली लहान मुलं अचानक बेशुद्ध पडत आणि त्यांतली बहुतेक दगावत. मेंदूज्वर समजून उपचार होत राहिले. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे टी. जेकब जॉन यांनी २००७च्या सुमारास दाखवून दिलं की ही मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खात होती. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू एकदम कोलमडत होते. यकृत ‘साफ’ करणाऱ्या झाडाचं सख्खं भावंड यकृताचा जीव घेतं. आपल्याकडे रानभाजी ओळखणाऱ्या बायका हे अंतर एका नजरेत सांगतात. ती नजर पुढच्या पिढीकडे जात नाहीये, याची मला मनापासून काळजी वाटते.

आणि ही जाणकारी फक्त झाड ओळखण्याची नाही, वेळ ओळखण्याचीही आहे. टाकळा खायचा तो कोवळा, फुलावर येण्याआधी. नंतर पाला जून होतो, चव बदलते, बायका त्याकडे बघतही नाहीत. शेगूल श्रावणात, सातवीण चावदिसाला, भारंगी आणि फोडशी पावसाच्या सुरुवातीला. म्हणजे ऋतू हीच मात्रा ठरवतो. ज्या पानात पोट साफ करण्याइतकी ताकद आहे, ते वर्षभर रोज खाल्लं जाऊ नये याची व्यवस्था निसर्गाने आणि रूढीने मिळून केली होती. सातवीणीच्या सालीचे मणिपालच्या संशोधकांनी लहान-मोठ्या जातींच्या उंदरांवर प्रयोग केले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं आढळलं की सालीचा अर्क किती विषारी ठरतो हे साल कोणत्या ऋतूत काढली यावर अवलंबून आहे, आणि उन्हाळ्यातली साल सर्वांत घातक. मोठी मात्रा दिली तर सगळ्याच मुख्य अवयवांना इजा झाली. उन्हाळ्यात हा रस प्यायची रीत या किनाऱ्यावर कुठेच नाही. साल मात्र ओळखीच्या झाडाचीच हवी. कोकणात काजरा मुबलक आहे आणि त्यात कुचल्याचं विष असतं. पहाटेच्या अंधारात चुकीच्या झाडावर कोयता पडला तर सण अंगावर येईल.

बाटलीत आणि कॅप्सूलमध्ये हीच मर्यादा नाहीशी होते. करोनाच्या काळात गुळवेल घरोघर, रोज, महिनोन् महिने घेतली गेली. २०२०च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झालं, तेव्हा आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असून दिसायला तशाच दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असावी, असं म्हटलं. २०२२ साली देशभरातल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यातही तेच चित्र होतं. चीनमध्ये केस काळे राहावेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या हशोऊवू या मुळीने यकृत बिघडल्याच्या नोंदी इतक्या आहेत की तिथल्या डॉक्टरांना ती पाठ आहे. आपल्या कोकमाचंच बघा. आमसुलाचं सार, सोलकढी पिढ्यान् पिढ्या जेवणात आहे आणि तिचा त्रास झाल्याचं ऐकिवात नाही. कोकमाच्या सख्ख्या भावंडाचा, मलबार चिंचेचा, दाट अर्क वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये भरून विकला गेला आणि अमेरिकेत त्याने यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद झाली. हळदीचंही तसंच. भाजीतली चिमूटभर वेगळी, आणि शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क घालून केलेली गोळी वेगळी.

यकृतावर आज खरा भार कशाचा आहे? साखरेचा, तळणाचा, बैठ्या दिवसांचा आणि दारूचा. आपल्याकडे मार्च ते मे हा काजूच्या बोंडांचा आणि त्यापासून गाळलेल्या दारूचा हंगाम. चिनी पंचांगातला यकृताचा ऋतू सिंधुदुर्गात अनेक घरांत यकृताला सर्वांत जड जातो. यावर कोकणाकडे स्वतःचा तोडगा आहे, तो म्हणजे श्रावण पाळणं. महिनाभर दारू आणि मासे-मटण बंद. दारूमुळे यकृतात साठलेली चरबी, जखमा पडण्याच्या आधीची अवस्था असेल तर, दारू सोडल्यावर काही आठवड्यांतच उतरू लागते. श्रावणाचा तीस दिवसांचा हिशेब त्याच्या जवळ जातो. पण ज्याने वर्षानुवर्षं रोज भरपूर घेतली आहे त्याने अचानक बंद करताना डॉक्टरांना दाखवावं; थरथर, आकडी, भ्रम असे धोके असतात. आणि श्रावणाच्या उपासाला साबुदाणावडे, तळलेले बटाटे आणि चार-चार कप गोड चहा झाला, तर यकृताच्या दृष्टीने त्या उपासाला फारसा अर्थ राहत नाही. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही चरबी साठते, हा आज शहरांइतकाच गावांचाही आजार आहे. शरीराचं वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर ती चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. ऐंशी किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो उतरवणं, हे कुठल्याही शुद्धीपेक्षा अवघड आहे आणि उपयोग होतो तो त्याचाच.

पावसाळ्यात पाणी खळखळून उकळून प्यावं. विषाणूजन्य कावीळ टाळण्याचा तो घरातला सर्वांत भरवशाचा उपाय. बाळांना हिपॅटायटिस बीची लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते, सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. कावीळ झालीच तर हळद-तेल बंद करून नुसत्या भातावर राहायची गरज नाही, भूक असेल तसं साधं सकस खावं आणि ताप-दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. कोणताही काढा, चूर्ण घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगावं, ते तपासणीला उपयोगी पडतं. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपेत आणि रात्री जागा राहू लागला, हिरड्यांतून रक्त आलं, उलट्या थांबेनात किंवा पोट फुगलं, तर उतारा, निवळी, पाला कशातही वेळ घालवू नये. गरोदर बाईला कावीळ दिसली तर यातलं एकही लक्षण उमटायची वाट बघायची नाही, कारण हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर उठतो. त्याच दिवशी गाडी करून कणकवली किंवा ओरोसचं मोठं रुग्णालय गाठायचं.